शिरूर-दौंडचं एकमत

शिरूर आणि दौंडला हौसेनं कुणी फिरायला जात नाही. रांजणगावच्या गणपतीला जाणारे शिरूरच्या अलीकडूनच परत फिरतात, आणि दौंड बहुतेकांनी पाहिलेलं असतं ते रेल्वेच्या खिडकीतून, इंजिन बदलेपर्यंत चहा पिताना. मी गेले ती कामासाठी. काम सोडून बाकी सगळं पाहून आले आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. यात गोड वाटावं असं फारसं काही नाही हे आधीच सांगते. जे गोड होतं ते पारगावच्या गुऱ्हाळावर खाऊन संपलं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. आमची सगळ्यांची तक्रार जुनीच. प्रत्येक कॉलेज आपली परीक्षा आपण घेतं, आपणच तपासतं, सगळीकडची मुलं झकास पास होतात, आणि त्यांना खरोखर काय येतं हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तीन कॉलेजांनी मिळून एक गोष्ट ठरवली. एक आमचं, एक शिरूरचं, एक दौंडचं. तिन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच काम द्यायचं आणि ते एकत्र बसून तपासायचं. काम साधं होतं. आपल्या भागाचा सरकारी नकाशा घ्यायचा. त्यावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात, त्यांना समोच्च रेषा म्हणतात. त्यांच्यावरून जमिनीचा उभा छेद काढायचा आणि आपलं गाव आहे तिथंच का वसलं, हे पानभर लिहायचं. चार कसोट्या, प्रत्येकीला चारपैकी गुण. कागदावर मुलाचं नाव नाही. हे गुण कुणाच्या निकालात जाणार नव्हते. जिथली मुलं कमी पडतील तिथं नकाशांचे संच आणि प्रात्यक्षिकाचे जादा तास मिळणार होते, तशी वरून मंजुरी होती.

प्रत्येक गठ्ठा दोघांनी तपासायचा, एक घरचा आणि एक पाहुणा. दोघांचं एकमत झालं की आकडा पक्का. हा नियम माझाच. पुण्यातल्या पहिल्या बैठकीत मी त्यावर भाषणही ठोकलं. इथं कुणाला नापास करायचं नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारणच उरत नाही, असं काहीबाही बोलले. टाळ्या पडल्या. एकीनंच टाळ्या वाजवायच्या सोडून हात वर केला. "मॅडम, कमी दिले तर जादा तास खरंच मिळत्याल ना?" मी म्हटलं, मिळतील.

ती नसीम. यवतची. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. वयानं ती माझ्या मुलीएवढी, म्हणून मी तिला अगं-तुगंच करते. दौंडच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक, आणि प्राचार्यांच्या मनात नसेल तर घरी. त्या वर्षी प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की या एकत्र तपासणीत आपलं कॉलेज उठून दिसलं पाहिजे, मग पुढच्या वर्षीच्या तासांची काळजी करू नका. हे मला तिच्या घरी मुक्काम केला तेव्हा कळलं, पण तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा.

शिरूर

स्टँडवर कोळपे सर स्वतः गाडी घेऊन आले होते. शिरूरच्या कॉलेजातले भूगोलाचे विभागप्रमुख. गोल चेहरा, पांढरा सदरा, आणि बोलण्यात एवढा गोडवा, की त्यांच्यावर रागवायला बसलं तरी राग धरून ठेवता येत नाही. "आधी मिसळ, मग कॉलेज," म्हणाले. घोड नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीत बसवलं. मटकी बोटचेपी, तर्री जाळ, आणि पाव मागायच्या आत पुढ्यात. पुण्यात मी गेल्या-गेल्या कामाला लागते, पाहुण्याला पाणी विचारायचं आमच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. इथं पाणी, मिसळ, ताक आणि पान एवढं होईतो कामाचं नाव काढणं अशिष्टपणा ठरला असता.

कॉलेजात पोचलो तर दारात रांगोळी, फलकावर माझं नाव रंगीत खडूंनी. सभागृहात मुलं कोंबून बसवलेली. दौंडचे प्राचार्य आधीच आले होते. शिरूरच्या गठ्ठ्याला पाहुणे परीक्षक म्हणून दौंडहून कुणी यायला हवं होतं, ते स्वतःच आले. उंच, सफारी, आवाज भारदस्त. मग सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, परिचय. माझा परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी मी न लिहिलेली पुस्तकंही माझ्या नावावर जमा केली. प्राचार्यांचा सत्कार, मग प्राचार्यांच्या हस्ते कोळपे सरांचा सत्कार, मग प्रास्ताविक, मनोगत आणि आभार. आभार मानणाऱ्यांचा सत्कार राहून गेला म्हणून पुन्हा एक शाल मागवली. दुपार कलल्यावर आम्ही एकदाचे गठ्ठ्यापाशी बसलो.

मी शेजारी खुर्ची टाकून बघत होते. कोळपे सरांनी पहिला कागद उचलला, वरून खालून नजर फिरवली आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं "१४" लिहिलं. मग चार रकान्यांत चार, चार, तीन, तीन अशी वाटणी करून टाकली.

"सर, तुम्ही आधी बेरीज केलीत."

"व्हय की," ते हसून म्हणाले. "पोराचा एकंदर अंदाज येतो ना मॅडम. मग रकानं भरायचं. सगळीकडं असंच असतंय."

"पण या छेदात घोड नदी डोंगर चढतेय."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "चढलीय खरी. पण लाइन किती सुंदर मारलीय बघा."

मी प्राचार्यांकडे पाहिलं. अंगावरची शाल सरकू नये म्हणून त्यांनी एका हातानं धरली होती, दुसऱ्या हातानं ते कोळपे सरांच्या आकड्याखाली तोच आकडा उतरवत होते. गावाबद्दलच्या पानावर प्रत्येक मुलानं "आमचे गाव निसर्गरम्य असून नदीकाठी वसलेले आहे" हेच वाक्य लिहिलं होतं. त्यात नदीपासून कोसभर लांब राहणारी मुलंही असणार. त्या वाक्याला सगळीकडे चार.

मी म्हटलं, थोडे कागद पुन्हा कसोटी धरून पाहू. प्राचार्य दुखावले. "मॅडम, यांनी एवढं आगतस्वागत केलं. आता यांच्या मुलांना एक नि दोन देऊ का मी? उद्या यांच्या तोंडाकडे कसा बघणार?" आणि कोळपे सर अगदी नम्रपणे म्हणाले, "आमचं दोघांचं एकमत झालंय मॅडम. नियम तुमचाच हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्याही अंगावर त्यांची शाल होती, मांडीवर त्यांचा नारळ होता, आणि समोर गरम भज्यांची बशी आली होती. मी म्हटलं, हे मला मान्य नाही, तसं लिहून ठेवा. त्यांनी "हो हो" म्हणत ते कुठंही लिहिलं नाही.

निमोणे

रात्रीचा मुक्काम कोळपे सरांच्या घरी, निमोण्याला. गाव शिरूरच्या दक्षिणेला. वाटेत कांद्याचे वाफे, मधूनच ऊस, मधूनच नुसतं उघडं माळरान. सरांचे आजोबा मेंढरं घेऊन सालाचे आठ महिने फिरतीवर असायचे. वडिलांनी मेंढरं विकून विहीर काढली आणि घर एका जागी बसलं. वडील आता थकलेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. ओट्यावर खाटेवर बसून त्यांनी माझी चौकशी केली.

"पुन्याहून आलाय म्हंजी पोरांचं पेपर बघाया?"

"हो आबा."

"मग दिलं का नीट मार्क?"

"तुमच्या मुलानं सगळ्यांना भरपूर दिले."

"बेस केलं," आबा म्हणाले. "गरिबाची पोरं हायती. वाढताना हात आखडू न्हाई मानसानं."

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. कणकेसारखं मळून वळलेले, लसणाच्या आमटीत शिजवलेले, वर तेलाची धार. इतकं चवदार काही मी वर्षभरात खाल्लं नव्हतं. सरांच्या बायको, म्हणजे वहिनी, ताटात वाढत राहिल्या, मी नको म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, म्हणून मी खात राहिले. ही माणसं वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं. त्या घरात मला कुणी खोटं वागलेलं दिसलं नाही. सगळे मनापासून वाढत होते, आणि ताटात वाढावं तसेच सर कागदावर गुण वाढत होते. फरक एवढाच, की ताटातलं पोटात जातं. त्या मुलांच्या डोक्यात काय गेलं, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

जेवणानंतर मी सरांना पुन्हा छेडलं. "जी मुलं नकाशा वाचायला शिकलीच नाहीत, त्यांना उद्या कोण शिकवणार? कागदावर तर सगळ्यांना येतंय."

"मॅडम, वाईट कशाला व्हायचं?" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणारे. तिला काय दाखवू? आन् तुम्ही जे जादा तास म्हणता, ते घ्यायला मास्तर कुठं हाय? आमच्याकडं दोन जागा रिकाम्या हायत."

हे खरं होतं. वहिनींनी माझ्या पिशवीत कांदे भरून दिले.

पारगाव, चौफुला, यवत

दौंडच्या गठ्ठ्याला पाहुणे परीक्षक कोळपे सरच होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून न्हावऱ्यावरून खाली निघालो. शिरूरकडचा कोरडेपणा हळूहळू मागं पडतो आणि भीमेजवळ आलं की दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती उभ्या राहतात. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली. एका ट्रॉलीचं चाक निखळलं होतं, ड्रायव्हर खाली बसून कुणाला तरी हिंदीत फोनवर शिव्या देत होता. गाडीनं गचका खाल्ला तसा डिकीत नारळांचा गडगडाट झाला. सत्काराचे सगळे नारळ तिथंच होते. मुलांच्या कागदांचा गठ्ठा त्यांच्याखाली दबून चुरगळला होता. मी तो काढून मांडीवर घेतला. कोळपे सर म्हणाले, "असू द्या की मॅडम, तपासून झालंय त्ये."

पूल सुटेना म्हणून आम्ही शेजारच्या गुऱ्हाळावर गेलो. मोठ्या कढईत रस उकळत होता, काम करणारे सगळे उत्तरेकडचे. त्यांनी गरम काकवी द्रोणात दिली, ती मी बोटानं चाटून खाल्ली. प्रवासातला तेवढा एक तास मला काही आठवलं नाही.

चौफुल्याला हायवे लागला. भांडगावात सरांची मेहुणी राहते, ते तिकडे मुक्कामाला जाणार होते. मला त्यांनी पुढं यवतला नसीमच्या दारात सोडलं. घर हायवेपासून आत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. तिच्या अम्मीनं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं, बरोबर जवसाची चटणी. अम्मी नसीमशी दखनीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि चिडल्या की दोन्ही एकत्र. इथंही मला आग्रह झाला, पण मी पुरे म्हटल्यावर अम्मीनं खरंच ताट उचललं. मला बरं वाटलं.

शिरूरची हकीगत सांगितल्यावर नसीम हसली नाही. तिनं प्राचार्यांचं बोलणं तेव्हाच मला सांगितलं.

"म्हणजे तुला गुण वाढवायला सांगितलंय."

"तसं तोंडानं न्हाई सांगितलं. उठून दिसलं पाहिजे म्हणाले."

"मग?"

ती चुलीपाशी बसली होती. "मॅडम, पोरांना छेद येत न्हाई. माझ्याकडं एकच नकाशा हाय, तोही फाटका. साठ पोरं त्याच्याभवती उभी राहत्यात, मागच्यांना काय दिसणार? मी तासाला फळ्यावर काढून दाखवते, ती तसंच उतरवून घेत्यात. येतंय असं लिहिलं तर पुढच्या वर्षीही हेच. कमी लिहिलं तर तुम्ही नकाशे देणार, तास देणार. तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले खरी."

अम्मी मध्येच म्हणाल्या, "नोकरी गेली तर नकाशे घेऊन क्या करेगी?" नसीमनं त्यांना गप्प केलं. मी तिला सांगायला हवं होतं की शिरूरमध्ये काय झालंय ते बघता जपून राहा. पण मला तिचा अभिमान वाटत होता, आणि अभिमान वाटत असताना माणसाला सावधपणा सुचत नाही.

दौंड

दौंडलाही सत्कार झालाच, त्याचं वर्णन पुन्हा करत नाही. फक्त शालींचा रंग वेगळा होता. पाणी आणि चहा द्यायला दुसऱ्या वर्षाच्या मुली होत्या. त्यातली एक भांडगावची, सारिका. ती ट्रे ठेवून जाईना.

"मॅडम, आमचं चुकलंय का लई?" तिनं नसीमला विचारलं.

"मी वरवर चाळलंय, छेद चुकलाय सगळ्यांचा. लिहिलेलं काहींचं चांगलं हाय."

"मंग?"

"मग पुन्हा शिकायचं. जूनपासून जादा तास मिळणार हायत."

सारिकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तपासायला नसीम आणि पाहुणे म्हणून कोळपे सर बसले. नसीमनं पहिला कागद घेतला, नकाशा शेजारी पसरला, पट्टी लावून उंच्या मोजल्या आणि छेदाला शून्य दिलं. मग पान वाचलं. त्यात लिहिलं होतं, की आमचं जुनं गाव रस्त्यापासून आत आहे कारण पूर्वी रस्ता इथून जातच नव्हता, आणि नवी घरं मात्र हायवेला चिकटून आहेत कारण आता पाण्यापेक्षा गिऱ्हाईक महत्त्वाचं. त्याला तिनं चार दिले. शून्य आणि चार एकाच कागदावर पाहून कोळपे सर गोंधळले. त्यांच्या हिशेबात माणूस एकतर हुशार असतो, नाहीतर नसतो.

मला वाटलं आता वाद होणार. मी त्याचीच वाट बघत होते, कारण वाद झाला तर तिसरा माणूस म्हणून मला बोलता आलं असतं, आणि शिरूरचा गठ्ठाही मी पुन्हा उघडायला लावला असता. पण कोळपे सरांनी पेन उचललं आणि नसीमच्या शून्याखाली शून्य लिहिलं. पुढच्या कागदावर तिचा एक, यांचा एक. सगळा गठ्ठा असाच गेला.

"सर, तुम्ही छेद बघितलात का?"

"घरच्या मॅडमच कमी म्हणत्यात," ते म्हणाले. "मी पाव्हना माणूस. त्यांच्या घरात येऊन त्यांच्या शब्दाला आडवा कसा जाऊ?"

तेव्हा मला सगळं उमगलं. शिरूरात यजमानानं वाढवलं, पाहुण्यानं त्याचा मान राखला. दौंडात यजमानीण कमी म्हणाली, पाहुण्यानं तिचाही मान राखला. दोन्हीकडे एकमत, दोन्हीकडे आकडा पक्का, आणि माझ्या नियमात कुठंही बोट ठेवायला जागा नाही. आमचा पुण्याचा गठ्ठा आधीच तपासून झाला होता. तिथं शाल नव्हती, बाकी विशेष वेगळं काही घडलं नव्हतं.

बेरीज पाहून प्राचार्यांचा चेहरा उतरला. दार लावून घेऊन ते म्हणाले, "नसीम मॅडम, सगळ्यांना दोन-दोन वाढवा. कोळपे सरांची काही हरकत नाही."

कोळपे सर लगेच म्हणाले, "आपली काय हरकत!"

"माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही शिरूरात जे केलंत ते आधी दुरुस्त करा. यांचे गुण खरे आहेत. या खोलीतले एवढेच खरे आहेत."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्याकडेच पाहत होते. "मॅडम, विचार करून सांगा. घाई नाही."

नसीम गठ्ठ्यावर हात ठेवून स्पष्ट म्हणाली, "सर, त्यांना येत न्हाई. मीच शिकवलंय, मला माहिती हाय. येतंय असं लिहिलं तर आपल्याला तास मिळणार न्हाईत."

"ठीक आहे," प्राचार्य म्हणाले आणि हसले. "तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं." मग आम्हाला जेवायला नेलं. स्टेशनजवळच्या हॉटेलात चिकन थाळी होती, रस्सा झणझणीत. ते नसीमला स्वतः आग्रह करून वाढत होते. तिनं फार खाल्लं नाही.

पुण्यात परत

अहवाल झाला. शिरूर सगळ्यांत वर, आम्ही मधे, दौंड तळाला. तिन्ही कॉलेजांच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, की शिरूरचे आकडे पोकळ आहेत आणि मी डोळ्यांनी पाहिलंय. कोळपे सर खाली बघत राहिले, त्यांना माझ्यामुळे अवघडल्यासारखं झालं होतं. दौंडच्या प्राचार्यांची खरी पंचाईत होती. शिरूरचे आकडे खोटे म्हणावेत, तर त्याखाली त्यांचीच सही. दौंडचे खरे म्हणावेत, तर कॉलेजची अब्रू जाते. त्यांनी तिसरीच वाट काढली. मुलं चांगली आहेत, म्हणाले, शिकवणाऱ्या मॅडम कच्च्या आहेत, आणि हे त्या मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय.

नकाशांचे संचही शिरूरला गेले. आमच्या तिन्ही कॉलेजांच्या समितीचं म्हणणं, की जिथं चांगलं काम दिसतंय तिथं बळ द्यावं, म्हणजे इतरांना आदर्श मिळेल. जिथं कमी तिथं द्यायचं ठरलं होतं हे मी ओरडून सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मॅडम, चहा थंड होतोय. माझ्याच कॉलेजनं या उपक्रमाची बातमी छापून आणली आणि फोटोत मी मधोमध आहे. तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

जूनच्या मुलाखतीला नसीमला बोलावणंच आलं नाही. तिची जागा कुणाला दिलीच नाही. भूगोलाचा तास हजेरी घेऊन सोडून देतात.

पुन्हा यवत

हे मला फोनवर कळलं होतं. तरी दसऱ्यानंतर मी यवतला गेले, तोंड दाखवायची लाज वाटत होती तरीही. आमच्याकडे एक जागा निघेल, मी शब्द टाकते, असं काहीतरी मनात जुळवून नेलं होतं. अम्मीनं पडवीत बसवलं. बोलल्या कमी. चहा मात्र दिला, आणि त्याबरोबर खारी.

संध्याकाळी कंपनीची बस हायवेला थांबली आणि नसीम चालत आली. अंगावर निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. कुरकुंभकडच्या एका कारखान्यात लागली होती. मला पाहून तिला खरंच आनंद झाला, तेच मला सोसवेना.

"सारिकाचा फोन येतो अधनंमधनं," ती म्हणाली. "विचारती, जादा तास कवा सुरू व्हायचे."

"तू काय सांगतेस?"

"पुण्याच्या मॅडम बघतायत म्हणते."

मी जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. जागेचं, शब्द टाकण्याचं. तिनं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "नको मॅडम. परत मुलाखत, परत कुणाच्या मनात काय हाय ते वळखायचं. मला इथं बरं हाय."

"काम काय असतं?"

"पॅकिंगला हाय. डबे भरून येत्यात, त्यांचं वजन करायचं आन् लिहायचं."

"आणि डबा कमी भरला असेल तर?"

"कमी लिहायचं," नसीम म्हणाली. "मग तो बाजूला काढत्यात आन् पुन्हा भरत्यात. मला कुणी काही म्हणत न्हाई."